पटावरचे मूल : शालेय नोंदींची तीस वर्षे

३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महसूल खात्याचे कर्मचारी महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत जाऊन बसले. हजर मुलांची शिरगणती झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. आधी नांदेड जिल्ह्यात अशी पडताळणी झाली होती, तिचे निष्कर्ष पाहून ही मोहीम राज्यभर नेण्यात आली. पटावर असलेली, पण वर्गात नसलेली नावे लाखांनी निघाली. शिक्षकांची पदे आणि अनुदान पटसंख्येवर ठरते, त्यामुळे पट फुगवण्यात अनेकांचे हित गुंतले होते. चर्चा झाली ती भ्रष्टाचाराची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. शाई लावावी लागली, कारण शाळेला संकेतांक होता, मुलाला नव्हता.

शाळेला संकेतांक मिळाला त्याची सुरुवात १९९४ मध्ये झाली. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम त्या वर्षी सात राज्यांत सुरू झाला आणि महाराष्ट्र त्या पहिल्या सातांत होता. आखणी जिल्हानिहाय होणार होती, मग जिल्ह्यात शाळा किती, मुले किती, खोल्या किती हे ताजे आकडे हवेत. सरकारी शैक्षणिक सांख्यिकी तेव्हा फार उशिरा हाती येई. दिल्लीच्या ‘नीपा’ या संस्थेने युनिसेफच्या मदतीने ‘डायस’ ही प्रणाली उभी केली. मुख्याध्यापकांनी ३० सप्टेंबरच्या पटानुसार छापील प्रपत्र भरायचे, केंद्रप्रमुखांनी तपासायचे आणि जिल्ह्याच्या कार्यालयात ते संगणकावर चढवायचे, असा तो क्रम.

डायसचा अकरा अंकी संकेतांक आता शाळेच्या पाटीवर, दाखल्यावर, शिक्क्यावर असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. सुरुवातीला २७ दिसले की शाळा महाराष्ट्रातली, ३० दिसले की गोव्यातली. वाचायला सोयीची ही रचना पुढे अडचणीचीही ठरली. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा शाळा जागच्या जागी राहिल्या आणि संकेतांकातले जिल्ह्याचे अंक बदलले. जुन्या-नव्या नोंदींची जोडणी मग कुणीतरी हाताने ठेवायची.

पण संकेतांक हा सोपा भाग होता. खरी गुंतागुंत शब्दांच्या अर्थात होती. ‘प्राथमिक’ म्हणजे कोणत्या इयत्ता? महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक. गोवा, गुजरात आणि केरळातही चौथीपर्यंतच प्राथमिक. देशाच्या बऱ्याच भागांत मात्र प्राथमिक म्हणजे पाचवीपर्यंत, आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानेही तीच वाटणी धरली. ‘प्राथमिक शाळांतील मुले’ एवढेच विचारले असते तर मराठवाड्यातल्या चौथीपर्यंतच्या शाळेचे आणि बिहारमधल्या पाचवीपर्यंतच्या शाळेचे आकडे एका तक्त्यात शेजारी बसले असते आणि तुलना निरर्थक ठरली असती. डायसने पट इयत्तावार मागितला, स्तर नंतर ठरवता येईल असा ठेवला. हा निर्णय फार शहाणपणाचा होता. राज्यांनी आपापली रचना न बदलताही एकमेकांशी बोलता येण्याची पहिली सोय त्याने झाली.

‘शाळाबाह्य’ या शब्दाच्या बाबतीत इतके सोपे जमले नाही. मूल किती दिवस वर्गात आले नाही म्हणजे त्याला शाळाबाह्य म्हणायचे? कर्नाटकात सलग ७ दिवसांची अट होती, काही राज्यांत महिन्याची, कुठे तीन महिन्यांची. महाराष्ट्राने ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात राज्यभर शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण केले आणि हाती आलेला आकडा खरा मानायला अनेक कार्यकर्ते तयार नव्हते. व्याख्या वेगळ्या असल्या की बेरीज कितीही काळजीपूर्वक केली तरी वाद मिटत नाही.

जातीच्या रकान्यात तर अर्थ पुसलाच जातो. महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जाती, भटक्या जमातींचे तीन गट आणि विशेष मागास प्रवर्ग आहेत. केंद्राच्या प्रपत्रात सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागास, एवढेच चार रकाने. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. त्यामुळे देशभरच्या तक्त्यावरून बंजारा मुलींच्या शिक्षणाचे काय झाले, हे सांगताच येत नाही. चार रकाने भरणे सोपे जाते, पण ज्यांच्यासाठी मोजायचे तेच त्यात हरवतात.

माध्यमिक शिक्षण अभियान २००९ मध्ये आले, त्या सुमारास नववीच्या पुढच्या वर्गांसाठी ‘सेमिस’ नावाची दुसरी प्रणाली उभी राहिली. पाचवी ते दहावीच्या एकाच हायस्कूलला आठवीपर्यंतची माहिती एका प्रपत्रात आणि पुढची दुसऱ्यात भरावी लागे. २०१२-१३ मध्ये दोन्ही एकत्र आल्या आणि ‘यू-डायस’ झाले.

पटपडताळणीचा धडा घेऊन महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘सरल’ आणले. प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद आणि तिच्यावरून संच मान्यता, म्हणजे शाळेतल्या शिक्षकपदांची मंजुरी. कल्पना योग्य होती. भार पडला तो शिक्षकांवर, कारण तीच माहिती यू-डायसमध्येही भरायची होती आणि दोन्हींचे रकाने जुळत नव्हते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो, तोही देवनागरीत. आधारवर नाव आधी, आणि रोमन स्पेलिंग ज्या ऑपरेटरने टंकले त्याच्या मर्जीचे. जन्मतारखेत एका अंकाचा फरक असला तरी नोंद ‘मिसमॅच’ होते. पुढे संच मान्यतेला आधार-वैध मुलेच धरायचे ठरले, तेव्हा वर्गात समोर बसलेले मूल हिशेबातून गळू लागले. शिक्षक संघटनांचा त्यावरचा राग रास्त होता. नाव जुळत नाही हा दोष मुलाचा नसतो.

केंद्राने २०१८-१९ पासून ‘यू-डायस प्लस’ आणले आणि २०२२-२३ पासून शाळानिहाय बेरजांऐवजी विद्यार्थीनिहाय नोंद घ्यायला सुरुवात केली. २०२१-२२ मध्ये देशातली शालेय पटसंख्या २६.५२ कोटी होती, ती २०२३-२४ मध्ये २४.८० कोटी दिसली. पावणेदोन कोटी मुले गेली कुठे, असे मथळे झळकले. मंत्रालयाने सांगितले की मोजण्याची पद्धतच बदलली आहे, त्यामुळे हे आकडे आधीच्यांशी थेट ताडून पाहता येणार नाहीत. खुलासा बरोबर आहे. पण दुबार नोंदी किती गळल्या आणि खरोखर शाळा सुटलेली मुले किती, याची फोड लोकांसमोर यायला हवी.

आता प्रत्येक विद्यार्थ्याला ‘पेन’ हा कायम शिक्षण क्रमांक मिळतो, आणि पालकांच्या संमतीने बारा अंकी ‘अपार’ आयडी, जो डिजिलॉकरशी जोडलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये नियम केलेली श्रेयांकांची बँकही याच आयडीवर चालते. मुलाने शाळा बदलली की जुनी शाळा त्याला सोडते, नाव यू-डायस प्लसच्या ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडते आणि नवी शाळा पेन टाकून ते ओढून घेते. पालघरहून गोव्याला गेलेल्या मुलाचा दाखला पूर्वी महिनोन् महिने अडकत असे. निदान त्याच्या नोंदीला आता थांबावे लागत नाही.

ऊसतोड मजुरांच्या मुलांना मात्र हा मार्ग लागू पडत नाही. ३० सप्टेंबरला ती बीडच्या जिल्हा परिषद शाळेत हजर असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. हंगाम संपल्यावर परत यायचे म्हणून कुणी दाखला काढत नाही. महाराष्ट्राने अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड दिले, काही गावांत हंगामी वसतिगृहे चालतात. पण यू-डायस प्लसच्या लेखी या मुलांनी शाळा बदललेली नाही आणि सोडलेलीही नाही. ‘हंगामी स्थलांतर’ ही तिसरी स्थिती आराखड्यात येणे, तिचा अर्थ महाराष्ट्र आणि कर्नाटकाने एकच धरणे, आणि कारखान्याजवळच्या शाळेला हजेरीची नोंद बीडच्याच पेनवर करता येणे, एवढे झाले तरी फडावरच्या मुलाला नोव्हेंबर ते मार्च हे महिने दोन्ही शाळांच्या मधल्या जागेत काढावे लागणार नाहीत. यासाठी नवे पोर्टल लागत नाही. आहे त्याच पोर्टलमध्ये एक रकाना आणि दोन राज्यांच्या शिक्षण खात्यांची एक बैठक लागते, आणि ती पुढचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी व्हायला हवी.