तेवती ज्योत आणि वाया जाणारा गोबरगॅस

चुलीतील निखारा राखेखाली झाकून ठेवण्याची रीत खानदेशात जुनी आहे. सायंकाळी तोच निखारा फुंकून चूल पेटविता येई; काडी वाचे आणि जळणही फारसे लागत नसे. ती खरी काटकसर होती. परंतु गोबरगॅसची शेगडी आल्यावर ही सवय काही घरांत निराळ्या रूपाने टिकून राहते. सकाळचा स्वयंपाक आटोपला, तरी पाहुण्याच्या चहासाठी ज्योत बारीक करून तेवत ठेवली जाते. निखारा राखेत स्वस्थ पडून राहतो. गॅसची ज्योत मात्र क्षणोक्षणी गॅस खाते.

याचा हिशेब सोपा आहे. २ घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर गॅस मिळतो. घरगुती शेगडीस पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे ०.४५ घनमीटर गॅस लागतो. बारीक ज्योतीस त्याचा चौथा हिस्सा लागतो असे धरले, तरी आठ तासांत ०.९ घनमीटर गॅस जळतो. म्हणजे सुमारे २२ किलो शेणाचा, दोन जनावरांच्या दिवसभराच्या शेणाइतका, गॅस भांडे न ठेवताच संपतो. मग रात्रीच्या भाकरीला गॅस अपुरा पडतो आणि गृहिणीस पुन्हा पऱ्हाट्यांच्या धुराकडे वळावे लागते.

हिवाळ्यात ही उणीव अधिक जाणवते. जळगाव व धुळे जिल्ह्यांत रात्री थंडी वाढली की संयंत्रातील जंतूंचे कार्य मंदावते आणि गॅस कमी तयार होतो. दोष संयंत्राला दिला जातो. शेगडीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

खर्चाबरोबर धोकाही आहे. गोबरगॅसची ज्योत संथ असल्याने वाऱ्याच्या झुळकीने विझते आणि न जळलेला गॅस घरात साठू शकतो. कुजक्या अंड्यासारखा वास आल्यास काडी ओढू नये, विजेचे बटण दाबू नये. झडप बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात.

थंड देशांतील जुन्या बॉयलरांतही अशीच लहान ज्योत रात्रंदिवस जळत असे. तिचा खर्च ध्यानी आल्यावर नव्या बॉयलरांत विजेची ठिणगी आली. आपल्या घरी तेच काम साधा लायटर करतो.

उपाय असे :

१. पीठ, भाजी, पाणी तयार ठेवूनच शेगडी पेटवावी. आधी काडी, मग तोटी.

२. काम संपताच तोटी पूर्ण बंद करावी. रात्री मुख्य झडपही बंद करावी.

३. नळीच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आल्यास सांधा घट्ट करावा.

४. नळीत साचलेले पाणी वेळोवेळी काढावे. ज्योत पिवळी दिसल्यास हवेचे छिद्र जुळवून ती निळी करावी.

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढून दिवे लावण्यात आले होते. राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प १९८१-८२ साली सुरू झाला. गॅस निर्माण करण्याची विद्या अशी जुनी आहे. तो राखण्याची दक्षता मात्र प्रत्येक घराने नव्याने शिकावयाची आहे.

ग्रामसेवकांनी गावातील एका घरी हा प्रयोग करून दाखवावा. टाकी तरंगती असल्यास तिची सायंकाळची उंची एक आठवडा खडूने नोंदवावी. पुढील आठवडा ज्योत तेवत न ठेवता तशीच नोंद घ्यावी. शेण तेवढेच आणि स्वयंपाकही तोच ठेवावा. खडूच्या दोन रेघांतील अंतर पाहून शेजारची घरे आपण होऊन तोटी बंद करू लागतील.