टिटवीची चार अंडी आणि पावसाचा अंदाज

वैशाखात नांदेड-लातूरकडे चार माणसे जमली की बोलणे पावसावर येते आणि पावसावरून टिटवीवर. तिने चार अंडी घातली तर चार महिने पाऊस. उंचवट्यावर घातली तर पाणीच पाणी, खोलगट जागी घातली तर दुष्काळ. दर उन्हाळ्यात हा अंदाज फोटोसकट मोबाइलवर फिरतो, वर्तमानपत्रांतही छापून येतो. अडचण एवढीच की टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, मग पाऊस पडो न पडो. २०१५ साली लातूरकडे पावसाने अशी पाठ फिरवली की २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच २०१६ च्या पावसाळ्यात मांजरा धरण भरले. अंड्यांवरून पाहिले असते तर दोन्ही वर्षांचे भविष्य सारखेच निघाले असते. कोरडे साल आणि ओले साल यांत फरक न करणाऱ्या खुणेला अंदाज कसे म्हणायचे?

उंचवट्याचेही तसेच. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर खळगा करून, भोवती चार खडे मांडून अंडी घालते. मातकट रंगावर काळपट ठिपके असलेले हे अंडे मुरमाच्या खड्यांत पडले की पावलाशी असूनही दिसत नाही. त्यामुळे नांगरट, गुरे, वाहने यांपासून दूर असलेली खडकाळ जागा तिला सोयीची, मग ती माळावर असो, धरणाच्या काठी असो की गच्चीवर. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा ती अंडी उबवण्यापेक्षा वाचवण्याच्याच मागे असते. भर दुपारी पाठीवर ऊन घेऊन अंड्यांवर सावली धरते, मध्येच पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने पुन्हा अंड्यांवर बसते. तिची सगळी धडपड आजच्या उन्हाशी चाललेली असते. सप्टेंबरातल्या पुराची खबर तिला असल्याचा पुरावा कोणी दाखवलेला नाही.

पक्ष्यांना पावसाची खबर असते हा गैरसमज पावशाच्या बाबतीत खिशाला झळ लावणारा आहे. त्याची ‘पेरते व्हा’ ही हाक म्हणजे विणीच्या हंगामातली साद. ती ऐन उन्हाळ्यात सुरू होते आणि पाऊस लांबला तरी थांबत नाही. सातभाईंच्या घरट्यात अंडी टाकणाऱ्या या पक्ष्याला आपल्या सोयाबीनशी काही देणेघेणे नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दरवर्षी बजावतो, कारण घाईने पेरले आणि पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो.

यावर कोणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबलेली माणसे खोटे पाहत होती काय? नाही, पाहणे त्यांचे खरेच होते. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांनी अशा कितीतरी लोकखुणा मराठी वाचकांपर्यंत पोचवल्या, आणि त्यांमागचे निरीक्षण बारीक आहे. चूक होते ती कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करण्यात. मृगाचा किडा घ्या. तो पाऊस आणत नाही. जमीन ओली झाल्यावर वर येतो. लाल मखमली अंगाचा हा जीव मुळात कीटकही नाही. आठ पायांचा असल्याने तो कोळ्याच्या गोतावळ्यातला. चातक मात्र या सगळ्यांत भरवशाचा, कारण आफ्रिकेतून येणारे चातक नैऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबरच येतात. म्हणून तो पावसाचा सोबती ठरतो, ज्योतिषी नव्हे; शिवाय दक्षिण भारतात काही चातक वर्षभर राहतात. तो फक्त पावसाचे थेंब झेलून जगतो हेही खरे नाही. त्याचे मुख्य खाणे केसाळ सुरवंट, आणि पावसानंतर त्यांची चंगळ असते.

मग खुणा वाचूच नयेत का? वाचाव्यात, पण सुलट. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी लिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. पुढच्या पावसाबद्दल ते काही सांगत नाहीत. पण जमिनीत आता अंडी पडणार आणि पुढे अळ्या ऊस-सोयाबीनची मुळे खाणार, हे नक्की सांगतात. भुंगेरे कोणत्या गावात कोणत्या तारखेला निघाले याची नोंद असेल तर प्रकाश सापळे वेळेवर लागतात. हौशी निरीक्षकाचे काम नेमके इथे लागते.

हौशी लोकांच्या नोंदींवर विश्वास किती ठेवायचा, ही शंका रास्त आहे. एकट्यादुकट्या नोंदीवर फारसा ठेवू नयेच. पण तारीख, ठिकाण, वेळ आणि शक्यतो फोटो किंवा आवाज असलेल्या नोंदी ढिगाने जमल्या की चुका आपोआप उघड्या पडतात. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदींतून तयार झाला आणि त्यात ९४२ जातींचा आढावा घेता आला. उन्हाळ्यात पक्षी नसतात ही समजूतही अशा नोंदींपुढे टिकत नाही. परदेशी पाहुणे गेले तरी नदीचे पाणी हटून उघड्या पडलेल्या वाळूवर नदीसुरय अंडी घालतो, शेकाट्याची वीण चालू असते, नवरंग मध्य भारताकडे विणीला जाताना एखाद्या परसात उतरतो.

तेव्हा यंदा टिटवीची अंडी दिसली तर जागेवरून हलवू नका आणि फोटोसाठी तिला उन्हात उठवू नका. लांबूनच तारीख, गाव, अंड्यांची संख्या लिहा, पिल्ले निघाली का तेही लिहा, आणि पावसाळा संपल्यावर तालुक्याच्या पावसाचा आकडा त्याच पानावर मांडा. अशी दहा वर्षांची वही कोणाकडे असेल, तर तिच्यापुढे कोणतेही भाकीत तपासून पाहता येईल.