हार्लेममधील हिस्पॅनिक व आफ्रिकी वारसा : आर्तुरो शॉम्बर्ग यांच्या संग्रहाच्या संदर्भात

प्रस्तावना :
अमेरिकेत वारशाच्या गौरवासाठी दोन स्वतंत्र महिने पाळले जातात. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या सप्ताहाचे १९७६ मध्ये कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात रूपांतर झाले. तो फेब्रुवारीत असतो. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषिक परंपरेशी नाते सांगणाऱ्या समाजांचा सप्ताह १९६८ मध्ये सुरू झाला व १९८८ मध्ये महिनाभराचा झाला. ग्वातेमाला, होन्डुरास आदी पाच देशांचा स्वातंत्र्यदिन १५ सप्टेंबरला येत असल्याने या महिन्याचा प्रारंभ त्या दिवशी होतो. परंतु ज्यांच्या ठायी हे दोन्ही वारसे एकत्र नांदतात, त्यांचे स्थान कोणते, हा प्रश्न या विभागणीतून निर्माण होतो. प्रस्तुत लेखात न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

दोन वस्त्या, एक शेजार :
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून व कॅरिबियन बेटांतून आलेले कृष्णवर्णीय लोक मध्य हार्लेममध्ये स्थिरावले. पोर्तो रिकोच्या रहिवाशांना १९१७ मध्ये अमेरिकी नागरिकत्व मिळाले आणि तेथून आलेल्यांनी पूर्व हार्लेम वसविले. हा भाग ‘एल बारियो’ म्हणजे ‘वस्ती’ या स्पॅनिश नावाने ओळखला जातो. तेथे १९६९ मध्ये ‘एल म्युझेओ देल बारियो’ हे संग्रहालय स्थापन झाले. दरवर्षी जानेवारीत त्याच्या वतीने ‘तीन राजांच्या’ सणाची मिरवणूक निघते.

शॉम्बर्ग यांचे कार्य :
या दोन्ही परंपरांचा संगम आर्तुरो शॉम्बर्ग (१८७४–१९३८) यांच्या जीवनात आढळतो. पोर्तो रिकोतील सॅन हुआन येथे जन्मलेले शॉम्बर्ग १८९१ मध्ये न्यूयॉर्कला आले. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असे बालपणी शिक्षकाकडून ऐकावे लागल्याने ते पुराव्यांच्या शोधास लागले, असे सांगितले जाते. एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करीत असतानाच त्यांनी ग्रंथ, हस्तलिखिते व चित्रे जमविली. १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनने हा संग्रह १०,००० डॉलरला विकत घेऊन न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरील शाखेस दिला. १९३२ पासून मृत्यूपर्यंत शॉम्बर्ग यांनीच त्याची देखभाल केली. आज शॉम्बर्ग केंद्रात १ कोटी १० लाखांहून अधिक वस्तू व दस्तऐवज आहेत.

त्यांची दृष्टी केवळ अमेरिकेपुरती मर्यादित नव्हती. संग्रहाच्या विक्रीनंतर ते स्पेनला गेले. चित्रकार वेलाझ्केझ यांच्या चित्रशाळेत गुलाम असलेल्या व मुक्ततेनंतर स्वतः चित्रकार झालेल्या हुआन दे पारेहा याच्या चित्रांचा त्यांनी तेथे शोध घेतला व १९२७ मध्ये त्यावर लेख लिहिला. आफ्रिकी वारसा स्पॅनिश संस्कृतीच्या बाहेरचा नसून तिच्या अंतरंगातच आहे, हे त्यातून स्पष्ट होते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने पारेहावर भरविलेल्या प्रदर्शनात शॉम्बर्ग यांच्या या संशोधनाला महत्त्वाचे स्थान दिले होते.

महाराष्ट्राशी संबंध :
२०१३ मध्ये शॉम्बर्ग केंद्राने भारतातील आफ्रिकी वंशीयांवर प्रदर्शन भरविले. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर, तसेच जंजिऱ्याचे सिद्दी यांचा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. मलिक अंबरने वसविलेले खडकी हेच आजचे छत्रपती संभाजीनगर होय. आफ्रिकी वारसा अनेक भाषिक समाजांत मिसळून गेला असल्याचे हे जवळचे उदाहरण आहे.

समारोप :
उत्सवासाठी स्वतंत्र महिने असणे सोयीचे आहे; मात्र माणसांची ओळख तशी विभागता येत नाही. फेब्रुवारीत शॉम्बर्ग यांना कृष्णवर्णीय म्हणून आणि सप्टेंबरमध्ये पोर्तो रिकन म्हणून स्मरले, तर दोन्ही वेळा त्यांची ओळख अपुरीच राहते. मिरवणूक समाजाला एकत्र आणते, परंतु ‘तुम्हाला इतिहास नाही’ या आक्षेपाला उत्तर देण्याचे सामर्थ्य जतन केलेल्या कागदपत्रांतच असते. म्हणून बहुविध समाजातील वारसा-उत्सवाला ग्रंथालय व संग्रहालय यांची जोड असणे आवश्यक ठरते.