धूर लागलेला माणूस

डिसेंबर आला की हॉटेलांत नाताळचं झाड उभं राहतं. कापूस, चमकी, दिव्यांच्या माळा. ही सजावट करणारे आणि मध्यरात्रीपर्यंत ताटं उचलणारे हात बरेचदा आपल्याच वस्तीतल्या मुलामुलींचे असतात. म्हणून आम्ही एक जुनी आग सांगतो.

२८ नोव्हेंबर १९४२, अमेरिकेतलं बोस्टन शहर. ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाच्या क्लबात शनिवारची गर्दी. तळघरातल्या बारमध्ये नकली झाडं, छताला कापड. १६ वर्षांच्या कामगार पोराने अंधारात बल्ब बसवण्यासाठी काडी ओढली. थोड्याच वेळात झाड पेटलेलं दिसलं. मुख्य दार गोल फिरणारं होतं, ते लोकांच्या रेट्याने अडकलं. दुसरी काही दारं कुलूपबंद होती. ४९२ माणसं गेली. चौकशीत आगीचं नेमकं कारण ठरलं नाही, पोरगा दोषी ठरला नाही. तुरुंगात गेला तो मालक. हे मुद्दाम लिहितोय, कारण आग लागली की पहिलं बोट हेल्परकडेच जातं.

तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ११४ जणांना आणलं, त्यातले जेमतेम ३९ वाचण्यासारखे होते. तोवर भाजल्यावर रसायनांचा लेप देण्याची पद्धत होती. इथे डॉक्टरांनी जखमा खरवडल्या नाहीत, व्हॅसलीनची पट्टी बांधली, शिरेतून द्रव दिले. कातडीपेक्षा फुप्फुसं जास्त बिघडलेली होती, हे तेव्हा ठळकपणे कळलं.

आपल्याकडेही तेच. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, त्यातले बरेच शौचालयात गुदमरून. शौचालयाला बाहेर पडायची वाट नसते, तिकडे धावू नका. खाली वाकून, नाकातोंडावर कापड धरून जिन्याने बाहेर पडा. लिफ्ट नको.

बाहेर आलेला माणूस ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. ऐकू नका. नाकातले केस जळलेत का, थुंकी काळी येते का, आवाज बसलाय का, डोकं दुखतंय का, पाहा. यातलं एक जरी असेल तरी १०८ ला फोन करा. श्वासनलिका काही तासांनीही सुजू शकते. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं: धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात भिनला असला तरी आकडा ९८ दिसू शकतो. मास्कने ऑक्सिजन हाच उपाय.

भाजलेल्या जागेवर २० मिनिटं नळाचं साधं पाणी. अंगठी, बांगड्या लगेच काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. (टूथपेस्ट पुसून काढण्यात नर्सचा किती वेळ जातो, हे आम्हाला विचारा.) चिकटलेलं कापड ओढू नका.

सजावट करणाऱ्यांनो, झाड दाराच्या किंवा जिन्याच्या वाटेत उभं करू नका. खरं झाड असेल तर बुंध्याला पाणी हवं. वाळलेलं सूचिपर्णी झाड काही सेकंदांत भडकतं. एका बोर्डात चार माळा कोंबू नका, रात्री बंद करताना बटण बंद करा. मागचं दार कुलूपबंद असेल तर मॅनेजरला चारचौघांसमोर विचारा.

आणि दवाखान्यात केसपेपरवर ‘कामावर असताना’ हे शब्द लिहून घ्या, झेरॉक्स घरी ठेवा. पाहुण्यांची नावं रजिस्टरमध्ये असतात. रोजंदारीवरच्या पोराचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं, आणि भरपाई मागताना तोच कागद पुढे करावा लागतो.