दोन मायक्रोफोनांचें मुद्रण व त्याचें संपादन

जुनीं दप्तरें ज्या घराण्यांत राहिलीं, तेथील वृद्धांच्या तोंडची माहिती कॅमेऱ्यानें टिपून ठेवण्याचा प्रघात आतां संशोधकांत पडला आहे. रुमाल कोठून आला, बाडांतील मधले बंद कोणीं नेले, ह्या गोष्टी कागदांत क्वचितच सांपडतात. परंतु अशा मुद्रणांत चित्राकडे जितकें लक्ष पुरविलें जातें तितकें आवाजाकडे जात नाहीं, म्हणून हा प्रपंच.

दोन मायक्रोफोन जोडतां येणाऱ्या कॅमेऱ्यांत प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र चॅनेलवर उतरवितां येतो. सांगणाऱ्याचा मायक्रोफोन डाव्या व विचारणाऱ्याचा उजव्या चॅनेलवर घ्यावा. कित्येक कॅमेऱ्यांत एकाच मायक्रोफोनचा आवाज दोन्ही चॅनेलांवर पाठविण्याचीही सोय असते. ती चुकून चालू राहिल्यास सर्व खटाटोप व्यर्थ. यासाठीं आरंभीं एकेका मायक्रोफोनवर हलकी टिचकी मारून ती हेडफोनांत कोणत्या कानीं उमटते तें पाहावें. पातळी आपोआप राखणारी योजना बंद करावी. बोलणारा थांबला कीं ती पंख्याचा व रस्त्याचा आवाज वर उचलते. सेकंदास ४८,००० नमुने व शक्य तेथें २४ बिट हें प्रमाण ठेवावें. डावा कोण, उजवा कोण, तारीख व स्थळ हें मुद्रणांतच तोंडानें सांगून टाकावें.

एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरण्याच्या युक्तीसह ॲलन ब्लमलाइन यांनीं १९३१ सालीं इंग्लंडांत पेटंटासाठीं अर्ज केला. त्यांस आवाजाची दिशा दाखवावयाची होती. आपणांस पाहिजे तें निराळें: कोणता शब्द कोणाचा, ह्याचा निर्णय.

समजा, वृद्ध गृहस्थ बाडाची हकीकत सांगत असतां मध्येंच ‘म्हणजे विकत घेतलेलें’ असे शब्द येतात आणि पाठोपाठ दोघेही ‘हो’ म्हणतात. ते शब्द मालकाचे असले तर ती साक्ष. विचारणाऱ्याचे असले तर ती केवळ सूचना. दोन्ही चॅनेल एकत्र केलेल्या प्रतींत, विशेषतः आवाज सारखे असल्यास, हा भेद बुजतो. समासांतील टीप नकलनविसानें संहितेंत घातली म्हणजे जें होतें तेंच हें. चॅनेल वेगळे असले तर ज्या बाजूस शब्द आधीं व ठळक उमटला ती बाजू बोलणाऱ्याची.

एकत्रीकरणानें आवाजही बिघडतो. सांगणाऱ्याचा स्वर दुसऱ्या मायक्रोफोनपर्यंत उशिरां पोंचतो. अंतरांत ३४ सेंटिमीटरांचा फरक असला तर हा उशीर सुमारें १ मिलिसेकंद होतो. दोन्ही सारख्या पातळीनें मिसळल्यास ५०० व १,५०० हर्ट्झजवळचे स्वर परस्परांस मारतात आणि बोलणें पोकळ ऐकूं येतें. सांगणाऱ्यापासून त्याचा मायक्रोफोन जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरा ठेवावा.

संपादन करतांना मूळ फाइलीस हात लावूं नये. नकलेंतील दोन चॅनेल दोन मोनो ट्रॅकांत फोडून दोन्ही मध्यभागीं आणावे. नाहींतर श्रोत्याच्या एका कानांत प्रश्न व दुसऱ्यांत उत्तर येत राहतें. एक बोलत असतां दुसऱ्याचा ट्रॅक थोडा उतरवावा, अगदीं बंद करूं नये. खोलीचा आवाज जाऊन-येऊन कानास खटकतो. कापणें झालें तर दोन्ही ट्रॅक एकाच क्षणीं कापावे. एक ट्रॅक पुढें सरकला कीं आधीं कोण बोललें हें कायमचें नाहींसें होतें. लेखी उतारा मात्र ह्या सुधारलेल्या नकलेवरून करूं नये. तो मूळ फाइलीचा एकेक चॅनेल ऐकून, दोन रकान्यांत, वेळेच्या आंकड्यांसह करावा, व जेथें दोघांचें बोलणें एकमेकांवर चढलें असेल तेथें तशी खूण करावी.