नौकेच्या बॅटरीची जाड तार आणि तिचे लग

डिझेल इंजिनाच्या मासेमारी नौकेवर सेल्फ मारताना इंजिन फिरेनासे झाले, म्हणजे पहिला दोष बहुधा बॅटरीस दिला जातो. ती भरून आणतात. तेवढ्याने भागले नाही तर नवी विकत घेतात. नवी बॅटरी जोडताना टोके घासली जातात, म्हणून काही दिवस इंजिन चालते आणि पुन्हा तीच कुरकुर सुरू होते. अशा कितीतरी प्रसंगी बॅटरी निर्दोष असते व खरे वैगुण्य जाड तारेच्या टोकास बसविलेल्या लगमध्ये, म्हणजे बाजारात ज्याला थिंबल म्हणतात त्यात असते. बॅटरीस हजारो रुपये पडतात, लगला त्यामानाने अगदीच थोडे. शिवाय नांगर उचलल्यावर वारा खडकाकडे ढकलीत असताना इंजिन सुरू झाले नाही, तर प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

मध्यम आकाराच्या इंजिनाचा स्टार्टर सुरुवातीस २०० अँपिअर वा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. ५० चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार जाऊन-येऊन ६ मीटर लांब असेल, तर एवढ्या प्रवाहास तीमध्ये सुमारे ०.४ व्होल्ट खर्च होतात. परंतु एखाद्या लगच्या सांध्यात ओहमच्या दोनशेव्या हिश्श्याएवढा विरोध निर्माण झाला, तर त्या एकाच ठिकाणी १ व्होल्ट नष्ट होतो. म्हणजे सबंध तारेच्या दुपटीहून अधिक नुकसान बोटभर लांबीच्या सांध्यात होते. त्याच वेळी तेथे २०० वॉट इतकी उष्णता उत्पन्न होते. तारेचे वेष्टण त्यामुळे करपते, आणि तळाशी डिझेल व तेलकट पाणी साचलेल्या नौकेत हे धोक्याचे असते.

समुद्रावर हा दोष लवकर जडतो, याचे कारण खारे पाणी. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते तारेच्या बारीक पदरांतून वर चढत जाते. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकते, तसेच उघडे तांबे खाऱ्या हवेत हिरवे पडते व पुढे काळवंडते. हा थर वीज नीट वाहू देत नाही. म्हणून नौकेसाठी कथलाची कल्हई केलेल्या बारीक पदरांची लवचीक तार व तशीच कल्हई केलेले तांब्याचे लग घ्यावे. दुकानांत ॲल्युमिनियमचे लग स्वस्त मिळतात. ते तांब्याच्या तारेवर मुळीच वापरू नयेत. दोन भिन्न धातूंमध्ये खारे पाणी शिरले की ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते.

लग बसविण्याच्या प्रचलित रीती फारशा समाधानकारक नाहीत. कोणी लगची नळी हातोडीने चेपतात, कोणी छिन्नीने एक खाच पाडतात. वरून सांधा घट्ट दिसतो, पण आत पदरांमध्ये पोकळी राहते व तीत ओलावा शिरतो. केवळ डाग देऊन बसविलेले लगही भरवशाचे नव्हे. कथील जेथवर चढते तेथवर तार ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी त्या सीमेवर तुटते. नेहमीचे कथील-शिशाचे मिश्रण सुमारे १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते. त्यामुळे सांधा फार तापल्यास तार निखळून येण्याचाही संभव असतो.

योग्य रीत दाबण्याचीच, परंतु साच्यात दाबण्याची. लगवर बहुधा दोन आकडे असतात, जसे ५०–१०. पहिला तारेचा छेद, दुसरा बोल्टचे छिद्र दर्शवितो. तारेशी जुळणारेच लग घ्यावे. मोठ्या लगमध्ये तार दुमडून घालणे किंवा लहान लगसाठी काही पदर छाटणे, हे दोन्ही प्रकार टाळावेत. तार कात्रीने सरळ कापावी. वेष्टण नळीच्या खोलीपेक्षा २–३ मिलिमीटर अधिक सोलावे व पदरांना चीर पडू देऊ नये. पदर चकचकीत नसतील, तर चकचकीत तांबे लागेपर्यंत तार मागे कापावी. आतून चिकट लेप असलेली, उष्णतेने आकसणारी नळी आधीच तारेवर ओवून ठेवावी. (ही गोष्ट हटकून विसरली जाते.) मग तार लगच्या तळापर्यंत सारून, हायड्रॉलिक दाबयंत्रात त्या मापाचा षट्कोनी साचा बसवावा आणि साच्याचे दोन्ही भाग पुरते भिडेपर्यंत दांडा दाबावा. पहिला दाब छिद्राच्या बाजूस व दुसरा तारेच्या बाजूस द्यावा. शेवटी नळी सांध्यावर ओढून गरम करावी. कडेने लेप किंचित बाहेर आला म्हणजे पाण्याची वाट बंद झाली.

असे यंत्र एका नाखव्याने विकत घेणे परवडणारे नाही. मच्छीमार सहकारी संस्थेने एक घेतल्यास सर्व सभासदांची सोय होईल. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सातपाटी, हर्णे, मालवण अशा बंदरांतील नौका विसाव्यास असतात. या कामास तो काळ उत्तम.

तार काढताना प्रथम ऋण टोक सोडावे व जोडताना ते शेवटी जोडावे. बहुतेक नौकांत ऋण तार इंजिनाच्या अंगास जोडलेली असते. धन टोकावरील पाना इंजिनास लागला तर मोठी ठिणगी उडते, आणि भरत असलेल्या बॅटरीतून निघालेला हायड्रोजन तिने पेट घेतो. लगचा सपाट भाग थेट स्वच्छ धातूवर टेकला पाहिजे. वायसर वरून घालावा, मध्ये नव्हे. नट आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा.

इंजिन बंद असताना व्होल्टमापक १२ व्होल्टहून अधिक दाखवितो, एवढ्यावरून सांधे चांगले समजू नयेत. प्रवाह वाहत नसेल तर वाईट सांधाही लपून राहतो. मापकाची एक तार बॅटरीच्या धन खुंटीवर व दुसरी स्टार्टरच्या धन बोल्टवर ठेवून सोबत्यास सेल्फ मारावयास सांगावे. १२ व्होल्टच्या नौकेत काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर एकेक सांधा याच रीतीने तपासावा. ऋण बाजूही तशीच पाहावी. जेथे आकडा मोठा येईल तेथील लग कापून नवे बसवावे. ट्रॅक्टरच्या बॅटरीसही हीच परीक्षा लागू पडते.