इंधन पंपाच्या विद्युत परिपथातील दोषनिदान

पेट्रोल मोटारीच्या इंधन पंपाला वीज पुरवणाऱ्या परिपथातील बिघाड टप्प्याटप्प्याने शोधण्याच्या प्रक्रियेला इंधन पंप परिपथाचे दोषनिदान म्हणतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारींत बहुधा इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप असे. इंधन अंतःक्षेपण (फ्युएल इंजेक्शन) प्रणालीत मात्र टाकीतच बुडालेला विद्युत पंप असतो. तो बंद पडला की इंजिन सुरूच होत नाही. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावसारख्या गावी अशी मोटार बंद पडल्यास ती ओढून नेण्यापूर्वी दोष तारेत आहे की पंपात, हे साध्या मल्टिमीटरने ठरवता येते.

कार्य

बॅटरीची वीज फ्यूजमधून रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकावर येते. चावी फिरवताच इंजिन नियंत्रण एकक (ईसीयू) रिलेच्या ८५ व ८६ या टोकांमधील वेटोळ्यातून प्रवाह सोडते, ३० व ८७ ही टोके जोडली जातात आणि पंप सुमारे दोन सेकंद चालतो. त्यानंतर इंजिन फिरत असल्याचा संकेत न मिळाल्यास ईसीयू पंप बंद करते. अपघातानंतर इंधन सांडत राहू नये, हा यामागील हेतू होय. त्यामुळे क्रँक संवेदक निकामी झाला तरी पंपच बिघडल्याचा भास होतो.

निदान

चावी फिरवल्यावर मागील आसनाखालून घुरघुर ऐकू न आल्यास प्रथम फ्यूज पाहतात. त्याच क्षमतेचा नवा फ्यूजही जळाल्यास तार कोठेतरी सांगाड्याला टेकली आहे किंवा पंप अडकला आहे, असे समजावे. अधिक क्षमतेचा फ्यूज बसवणे धोक्याचे असते, कारण मग फ्यूजऐवजी तार जळते. पुढे रिले काढून ३० व ८७ ही टोके फ्यूजयुक्त तारेने जोडतात. पंप चालला तर दोष रिलेत किंवा त्याच्या नियंत्रणात असतो. न चालल्यास तो पुढील तारेत, अर्थिंगमध्ये किंवा पंपात असतो. पंपासाठी स्वतंत्र नियंत्रक असलेल्या काही नव्या मोटारींना ही चाचणी लागू पडत नाही.

सर्वाधिक फसगत व्होल्टेज मोजताना होते. पंपाचा कनेक्टर काढून मोजल्यास गंजलेल्या जोडावरही १२ व्होल्ट दिसतात, कारण मल्टिमीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. पंप ६ अँपिअर प्रवाह घेत असेल आणि जोडाचा रोध अवघा अर्धा ओहम असेल, तर ३ व्होल्ट तेथेच खर्च होऊन पंपाला ९ व्होल्टच मिळतात. म्हणून मापन पंप जोडलेला व चालू असतानाच करावे लागते. अर्थिंगच्या बाजूची घटही तपासावी. ही बाजू वारंवार दुर्लक्षित राहते व चांगला पंप विनाकारण बदलला जातो. उंदरांनी कुरतडलेल्या तारा हेही एक नेहमीचे कारण आहे.

स्कॅनरवरील पी०२३० हा संकेत पंपाच्या प्राथमिक, म्हणजे नियंत्रण परिपथातील दोष दर्शवतो. तो पंप निकामी असल्याचा पुरावा नव्हे.

टाकीचे झाकण उघडे असताना किंवा पेट्रोलचा वास येत असताना तारा जोडून पाहू नयेत. ठिणगीने वाफ पेटू शकते.